पावसात काच अडकली तर

लांज्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. तिथल्या मुंबई-गोवा महामार्गावर, भर जुलैत गाडीची काच खाली अडकली तर आधी एवढंच बघा: एकच काच चालत नाही की चारही? चारही बंद असतील तर बहुधा फ्यूज गेलेला असतो. त्याच अँपिअरचा नवा बसवा. तार गुंडाळून काम भागवणं म्हणजे आगीला आमंत्रण. मागच्याच काचा हलत नसतील तर चालकाच्या दारावरचं लॉकचं बटण दाबलं गेलेलं असू शकतं.

एकच काच बंद असेल तर बटण दाबून कान द्या. मोटर फिरल्याचा आवाज येतो पण काच हलत नाही, तर काच वर-खाली करणाऱ्या रेग्युलेटरची केबल तुटली असावी. अजिबात आवाज नसेल तर मोटरच्या प्लगला टेस्ट लॅम्प लावा. बटण दाबल्यावर तो पेटला तर दोष मोटरचा. नाहीतर बटणाचा, किंवा बिजागरीजवळच्या रबरी नळीत तुटलेल्या वायरचा. दार हजारदा उघडून-मिटून वायर तिथेच तुटते, आणि नेमकी तीच जागा तपासायची राहून जाते.

काच जड चालत असेल तर रबरी खाचा पुसून सिलिकॉन स्प्रे मारा. ग्रीस नको, त्यावर लाल माती चिकटते. दाराच्या तळाची भोकं पावसाळ्याआधी मोकळी करा. ती बुजली की पाणी आत साचून भाग गंजतात. दाराचं आतलं पॅनेल काढून काम केलंत तर आतला प्लॅस्टिकचा पडदा पुन्हा नीट चिकटवाच.

वाटेतच अडकलात तर एकाने बटण वरच्या बाजूला धरावं, दुसऱ्याने दोन्ही तळव्यांनी काच वर ढकलावी.