जुनी 'इस्टेट' रोजच्या वापराला: सोलापुरात इंडिगो मरिना चालवण्याचा सगळा हिशोब

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला बरं वाटतं, त्यांच्यासाठी हा आजच्या एपिसोडचा लिखित भाग. बोलताना जे आकडे पटकन निघून गेले, ते इथे नीट मांडलेत. स्क्रीनशॉट काढून ठेवा, गाडी बघायला जाताना उपयोगी पडेल.

आधी शब्दाचा घोळ मिटवू. मी मित्रांना म्हटलं, "इस्टेट घेतोय." तर पहिला प्रश्न आला, "किती गुंठे?" आपल्याकडे इस्टेट म्हणजे आजोबांनी ठेवलेली जमीन. गाड्यांच्या भाषेत इस्टेट म्हणजे सेदानची अशी बहीण जिचं छत मागेपर्यंत सरळ जातं आणि डिकी वेगळी न राहता केबिनचाच भाग होते. इंग्लंडमध्ये हे नाव पडलं ते रेल्वे स्टेशनवरून गावाकडच्या इस्टेटीवर माणसं आणि सामान नेणाऱ्या गाड्यांवरून. अमेरिकेत त्याच गाडीला स्टेशन वॅगन म्हणतात.

आपल्याकडे इस्टेट होत्या का? होत्या की!

आणि त्यातल्या महत्त्वाच्या आपल्या पुण्यातल्या. टाटांनी १९९२ मध्ये 'टाटा इस्टेट' नावाचीच गाडी काढली. मग डिसेंबर १९९८ मध्ये इंडिका आली, तिच्यावरून इंडिगो सेदान आणि २००४ मध्ये त्याच इंडिगोची इस्टेट, म्हणजे इंडिगो मरिना. मारुतीची बलेनो अल्टुरा, ओपेल कोर्सा स्विंग, फियाटची वीकेंड, स्कोडा ऑक्टाव्हिया कॉम्बी हीसुद्धा त्याच काळातली मंडळी.

मग गेल्या कुठे? एक कारण आवडीचं. आपल्या लोकांना डिकी वेगळी दिसली की गाडी 'मोठी' वाटते. मागून सरळ कापलेली गाडी दिसली की विचारतात, "टॅक्सीला आहे का?" दुसरं कारण कराचं. २००६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात छोट्या गाड्यांवरचं उत्पादन शुल्क २४ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आलं. छोटी म्हणजे लांबी चार मीटरच्या आत, पेट्रोल इंजिन १२०० सीसीपर्यंत किंवा डिझेल १५०० सीसीपर्यंत. आता इस्टेटचा सगळा अर्थच मागच्या लांबीत आहे! २००८ मध्ये इंडिगोची शेपटी कापून इंडिगो सीएस आली, ती याच चार मीटरमध्ये बसायला. मरिनाची शेपटी कापली तर उरते इंडिका, आणि ती तर आधीच बाजारात होती.

मग मी का घेतली?

घरात आजी आहे आणि आजीची व्हीलचेअर आहे. आठवड्यातून दोनदा फिजिओथेरपी, महिन्यातून एकदा पुण्याला डॉक्टर. जाऊन-येऊन पाचशे किलोमीटर. हॅचबॅकमध्ये घडी केलेली व्हीलचेअर ठेवली की मागचं अर्धं सीट पाडावं लागतं, म्हणजे घरातला एक माणूस कमी. उंच एसयूव्हीत आजीला चढवणं म्हणजे दोघांचं काम. इस्टेटमध्ये सीट खाली आणि सामानाची फळीही खाली. खुर्ची न उचलता सरकवून आत जाते, वर औषधांची पिशवी, पांघरायला चादर आणि वाटेत खायला कडक भाकरी-शेंगाचटणीचा डबा. पाच जणांची जागा तशीच राहते.

बजेट होतं दीड लाख, दुरुस्तीसकट. कर्ज काढायचं नव्हतं.

सगळ्यात महत्त्वाचा नियम: गाडी बघू नका, तिची 'डिपेंडन्सी' बघा

मी सॉफ्टवेअरवाला आहे, त्यामुळे जुनी गाडी मला जुन्या कोडसारखी दिसते. जुना कोड चालतो की नाही हा प्रश्न दुय्यम. तो ज्या लायब्ररीवर उभा आहे, ती अजून मिळते का, हा खरा प्रश्न.

या एका प्रश्नावर माझी यादी झटकन लहान झाली. ओपेल आपल्याकडून २००६ मध्येच गेली, तिची मालक कंपनी जनरल मोटर्सही २०१७ मध्ये इथल्या विक्रीतून बाहेर पडली. कोर्सा स्विंग दिसायला गोड, पण एक पार्ट लागला की तो शोधत फिरायचं. ऑक्टाव्हिया कॉम्बी चालवायला झकास, पण पार्टची किंमत गाडीच्या किमतीशी स्पर्धा करते. अल्टुरा चांगला पर्याय, इंजिन १.६ लिटर पेट्रोल, पण धड अवस्थेतली मिळायला नशीब लागतं.

मरिनाचं तसं नाही. इंजिन, गिअरबॉक्स, ब्रेक, पुढचा बराचसा भाग इंडिका-इंडिगोच्या कुटुंबातला. इंडिका वीस वर्षं बनली, अर्ध्या महाराष्ट्रात टॅक्सी म्हणून धावली. त्यामुळे सोलापुरात मेकॅनिकला तिचं काही शिकवावं लागत नाही आणि पार्टच्या दुकानात "इंडिकाचं द्या" म्हटलं की बरंचसं काम होतं.

अडचण फक्त मागच्या बाजूला. डिकीचं दार, त्याची काच, बाजूच्या मागच्या काचा, मागचे दिवे हे मरिनाचेच. आमचे मेकॅनिक चाचा पहिल्याच दिवशी म्हणाले, "इंजिनाचं टेन्शन घेऊ नको बाळा, ते मी बघतो. मागची काच फुटली तर मी काय करू?" म्हणून मरिना बघायला गेलात की आधी मागे जा. दिव्यांना तडा आहे का, दार नीट बसतं का, काचेभोवतीचं रबर गळतं का, सामानाची फळी उचलून खाली पाणी साचल्याची खूण आहे का. मागचा भाग धड असेल तरच पुढे या.

पेट्रोल की डिझेल?

मी डिझेल घेतली, १४०५ सीसी टर्बो. जुन्या पद्धतीचं आयडीआय इंजिन, इलेक्ट्रॉनिक्स कमी. आवाज करतं, पळायला आळशी, पण सांभाळायला सोपं. नंतरच्या डायकोर गाड्या कॉमन रेलवाल्या. त्या चालतात छान, पण इंजेक्टरचं काम निघालं तर बिल मोठं येतं.

पेट्रोल घेत असाल तर ई-२० चा विचार करा. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल येतं आणि त्या काळच्या गाड्या त्यासाठी बनलेल्या नाहीत. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच अशा जुन्या चारचाकींचं मायलेज ६ ते ७ टक्क्यांनी घटेल असं म्हटलंय. शिवाय इंधनाच्या जुन्या रबरी नळ्या आणि सील तपासून बदलावे लागतात.

सोलापूरचं ऊन आणि जुनी गाडी

मुंबई-कोकणातली गाडी घेताना खालून गंज बघतात. आपल्याकडे गंज कमी, पण ऊन सगळं खातं. रबर कडक होतं, प्लास्टिक ठिसूळ होतं, बॅटरी लवकर दमते. म्हणून सोलापूर, लातूर, कलबुर्गीकडची गाडी बघताना हे करा:

१. गाडी सकाळी थंड असताना सुरू करायला सांगा. बोनेटला हात लावून बघा, गरम असेल तर दुसऱ्या दिवशी या. सुरू करताना निळसर धूर सतत आला तर इंजिन ऑइल जळतंय. पांढरा धूर थांबतच नसेल आणि कूलंटही कमी होत असेल तर हेड गॅस्केटचा संशय घ्या.

२. भर दुपारी एसी लावून गाडी वीस मिनिटं उभ्या उभ्या चालू ठेवा. एसी थंड राहतो का आणि तापमानाचा काटा चढतो का, दोन्ही एकाच परीक्षेत कळतं.

३. कूलंटचे पाइप थंड असताना दाबून बघा. कडक किंवा भेगाळलेले असतील तर बदलायचे, वाट बघायची नाही.

४. टायरवरची शेवटची चार अंकी संख्या वाचा. २३१९ म्हणजे २०१९ चा २३ वा आठवडा. नक्षी शाबूत असली तरी सहा-सात वर्षांचा टायर उन्हाळ्यात पुणे हायवेवर नेऊ नका.

५. टायमिंग बेल्ट कधी बदलला याची पावती मागा. पावती नसेल तर बदललेलाच नाही असं धरा. बेल्ट तुटला तर इंजिन उघडावं लागतं.

६. स्पीडब्रेकरवरून काच खाली करून जा. पुढून टकटक आली तर लोअर आर्मचे बुश किंवा लिंक रॉड. पार्ट स्वस्त आहेत, पण भाव करायला हा मुद्दा चांगला!

कागद: इथे घाई करू नका

आरसीवर नोंदणी कधीपर्यंत वैध आहे ते आधी वाचा. खासगी गाडीची नोंदणी पहिली १५ वर्षं, पुढे तपासणी करून पाच-पाच वर्षं. माझी गाडी २००७ ची. आधीच्या मालकांनी २०२२ मध्ये नूतनीकरण केलं होतं, म्हणून मी घेतली. १ एप्रिल २०२२ पासून कारच्या या नूतनीकरणाची फी ६०० वरून ५,००० रुपये झाली आणि २०२५ मध्ये २० वर्षांपुढच्या गाड्यांसाठी ती १०,००० झाली. महाराष्ट्रात १५ वर्षांनंतर पर्यावरण कर वेगळा. मालक म्हणाला, "पासिंग तेवढं करून घ्या," तर हे सगळं किमतीतून वजा करा.

नावावर करायला फॉर्म २९ आणि ३०. गाडी दुसऱ्या आरटीओची असेल, म्हणजे एमएच-१२ वरून आपल्या एमएच-१३ ला आणायची असेल, तर फॉर्म २८ ची एनओसी. आरसीवर बँकेचं नाव दिसलं तर फॉर्म ३५. विमा १४ दिवसांत आपल्या नावावर करायला कळवा. एमपरिवहन ॲपवर नंबर टाकून माहिती जुळवा, थकलेली ई-चलानं बघा, हाय सिक्युरिटी नंबर प्लेट बसवली आहे का बघा. बीएस-३ गाडीची पीयूसी सहा महिन्यांचीच असते, हेही लक्षात ठेवा.

दिल्लीची गाडी स्वस्तात मिळतेय म्हणून कुणी फोटो पाठवेल. तिकडचे जुन्या गाड्यांचे नियम वेगळे आणि कडक, म्हणून त्या बाहेर विकल्या जातात. एनओसी हातात येईपर्यंत एक रुपया देऊ नका.

आता खरा हिशोब

गाडी १,०५,००० ला. घेतल्या घेतल्या चार टायर, टायमिंग बेल्टचा संच, कूलंटचे पाइप, बॅटरी, पुढचे बुश आणि एसीची सर्व्हिस असं ४५,००० चं काम केलं. म्हणजे गाडीची खरी किंमत १,५०,०००. जुन्या गाडीची जाहिरातीतली किंमत ही फक्त पहिला हप्ता असते, हे पाठच करा.

वर्षाचा खर्च असा. मी साधारण ९,००० किलोमीटर चालवतो, मायलेज १५ चं. म्हणजे ६०० लिटर डिझेल, ९० रुपयांनी ५४,०००. १००० ते १५०० सीसी गाडीचा थर्ड पार्टी विमा ३,४१६ रुपये, जीएसटी धरून साधारण ४,०००. मालकाचा अपघात विमा वेगळा. दोन सर्व्हिस ९,०००. आणि दर महिन्याला २,००० रुपये वेगळ्या खात्यात, फक्त अचानक निघणाऱ्या कामांसाठी, म्हणजे २४,०००. एकूण ९१,००० च्या आसपास.

आता नवीन गाडी. सात लाखांचं कर्ज, ९ टक्के व्याज, पाच वर्षं, तर हप्ता साधारण १४,५००. वर्षाला १,७४,०००, आणि त्यात डिझेल-पेट्रोल, विमा, सर्व्हिस काहीच नाही.

फरक दिसतो. पण दुसरी बाजूही ऐका. जुनी गाडी वेळ मागते. वर्षातले सात-आठ दिवस ती चाचांकडे असणार. माझं काम घरून चालतं, म्हणून मला जमतं. रोज सकाळी नऊला चिंचोळी एमआयडीसीत हजर राहायचं असेल आणि घरात दुसरं वाहन नसेल, तर हा नाद नको.

सुरक्षेचं काय?

हा प्रश्न टाळणार नाही. माझ्या गाडीत एअरबॅग नाही, एबीएस नाही. नव्या गाड्यांत ड्रायव्हरची एअरबॅग १ जुलै २०१९ पासून सक्तीची झाली, ही गाडी त्याच्या किती तरी आधीची. दीड लाखात जागा मिळते, दुरुस्तीची सोय मिळते, पण ही सुरक्षा विकत घेता येत नाही. म्हणून आमच्या घरात ठरलंय: हायवेला ८० च्या वर नाही, रात्रीचा प्रवास नाही, मागच्या सीटवरही बेल्ट, टायर आणि ब्रेकवर काटकसर नाही. व्हीलचेअर मागे पट्ट्याने बांधायची, कारण इस्टेटमध्ये सामान आणि माणसं यांच्यामध्ये फक्त सीटची पाठ असते. जोरात ब्रेक लागला तर सुटं सामान सरळ पुढे येतं. बजेट साडेतीन-चार लाखांपर्यंत ताणता येत असेल, तर एअरबॅगवाली पाच-सहा वर्षांची हॅचबॅक नक्की बघा आणि वर कॅरियर बसवा.

कधी थांबायचं, हे आत्ताच ठरवा

माझी रेघ अशी: एका वर्षात दुरुस्तीचा खर्च ५०,००० च्या वर गेला, किंवा खालची चौकट गंजली, तर गाडी नोंदणीकृत स्क्रॅप केंद्राला द्यायची आणि तिथलं प्रमाणपत्र घ्यायचं. २०२७ मध्ये नूतनीकरण येईल, तेव्हा गाडी वीस वर्षांची असेल. त्या वेळी जीव अडकलाय म्हणून पैसे घालत बसायचं नाही, वहीतले आकडे बघायचे. तोपर्यंत आजीला पुढच्या सीटवर बसून सावळेश्वरच्या टोलनाक्यावर "आता किती राहिलं रे?" विचारायला ही गाडी पुरेशी आहे.

तुमच्या घरी मरिना, अल्टुरा किंवा जुनी टाटा इस्टेट अजून चालत असेल तर व्हॉइस नोट पाठवा. किती किलोमीटर झाले आणि मागची काच कुठे मिळाली, हे दोन्ही नक्की सांगा. पुढच्या एपिसोडमध्ये बघू, जुन्या गाडीचा एसी उन्हाळ्याआधी कसा तयार करायचा. भेटू!