कुर्डुवाडीखालचा उणा भार

माढा तालुक्याच्या शिवारात विहीर खणणाऱ्यास आधी माती, मग मुरूम आणि त्याखाली काळा कातळ लागतो, आणि बोअर कितीही खोल मारला तरी त्या कातळाखाली काय आहे हे बहुधा कोणाच्याच दृष्टीस पडत नाही. कारण सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरावर थर साचलेल्या लाव्हारसाने या मुलखाचा सारा पूर्वेतिहास आपल्याखाली दडपून टाकला आहे. जमिनीस धक्का न लावता हे दप्तर चाळण्याचे जे थोडे उपाय आहेत, त्यांत गुरुत्वाकर्षणाची मोजणी मला सर्वांत निर्मळ वाटते.

पायाखाली जड खडक असेल तर पृथ्वीची ओढ किंचित वाढते, हलका असेल तर किंचित घटते. ही एकूण ओढ सुमारे 980 गॅल. भूवैज्ञानिक ज्या फरकाच्या मागे असतो तो मात्र मिलिगॅलचा, म्हणजे त्या ओढीच्या जवळजवळ दशलक्षांशाचा. 1865 पासून कॅप्टन बसेव्हींनी हिंदुस्थानात लंबकाच्या आंदोलनांवरून ही ओढ मोजली, आणि त्याच कामात 1871 साली लडाखच्या पठारावर त्यांचा अंत झाला. पुढे नाजूक स्प्रिंगचा गुरुत्वमापक आला. निरीक्षक तो तबकडीवर ठेवतो, स्क्रू फिरवून पाणसळीतील बुडबुडे मध्यावर आणतो, नेत्रिकेत डोळा लावून बारीक रेषा आपल्या खुणेवर येईपर्यंत चक्र हळूहळू फिरवतो, आणि आकड्याशेजारी वेळही टिपतो. कारण स्प्रिंग दिवसभरात थोडी सैलावते आणि सूर्यचंद्रांच्या ओढीनेही आकडा हलतो, म्हणून ज्या ठाण्यावरून मोजणीस आरंभ केला तेथे परत येऊन पुन्हा वाचन घेण्याचा शिरस्ता आहे. जागेची उंची मीटरभर चुकली तर हिशेबात सुमारे 0.2 मिलिगॅलची खोट येते. उंचीचा आणि मधल्या खडकाचा परिणाम वजा केल्यावर जे उरते त्यास, अँडीज पर्वतात मोजणी करणाऱ्या फ्रेंच पंडिताच्या नावावरून, बूगे विसंगती म्हणतात, आणि तिच्या समान मूल्यांची ठिकाणे रेषांनी जोडली की नकाशा सिद्ध होतो.

1967 च्या डिसेंबरात कोयनेचा भूकंप झाला, आणि दक्षिणेचे पठार अचल आहे ही समजूत डळमळली. त्यानंतर 1973 साली हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिक संशोधन संस्थेतील कृष्ण ब्रह्मम् आणि नेगी यांनी अशा नकाशावरील दोन उण्या पट्ट्यांकडे बोट दाखवून, लाव्हाच्या थरांखाली दोन खचदऱ्या असाव्यात असे अनुमान मांडले: एक कोयनेची, दुसरी कुर्डुवाडीची. ज्या गावास लोक रेल्वेचे जंक्शन म्हणूनच ओळखत, त्याचे नाव भूविज्ञानाच्या वाङ्मयात असे दाखल झाले.

परंतु उणी विसंगती अनेक कारणांनी येते. खचलेल्या खळग्यात हलका गाळ साचला असेल तर ती दिसते; खाली ग्रॅनाइटचा मोठा पिंड असेल तरी दिसते; आणि भूकवच खोलवर जाड झाले असेल तरीही दिसते. एकाच आकड्यास इतके अर्थ लागतात, आणि यंत्र त्यांतला एकही निवडून देत नाही. निवाडा करावयाचा तर छिद्र पाडावे लागते.

तशी छिद्रे पडली, पण इतरत्र. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीच्या परिसरात भूकंपाने सुमारे दहा हजार माणसे मृत्युमुखी पडल्यावर तेथे 617 मीटर खोल छिद्र घेण्यात आले: लाव्हाचे थर 338 मीटर, त्याखाली गाळाचा अवघा 8 मीटरचा पदर, आणि मग प्राचीन पट्टिताश्म. पुढे कोयनेच्या परिसरात गोठणे येथे छिद्र तीन किलोमीटरपर्यंत गेले. तेथे तर लाव्हाखाली थेट ग्रॅनाइटी खडकच लागला, गाळ मिळाला नाही. कोयनेच्या उण्या पट्ट्याचा अर्थ त्यामुळे नव्याने लावावा लागतो. आणि कुर्डुवाडीची खचदरी हे अनुमानच आहे, हे सांगितल्याशिवाय तिचे नाव घेणे मला उचित वाटत नाही. मोजलेला आकडा मात्र पूर्वीइतकाच खरा आहे, आणि अधिक दाट मोजणीने तो अधिक बोलका होईल.

त्या मोजणीला जागेची उंची अचूक ठाऊक हवी, म्हणून सोलापूर जिल्ह्यातील ग्रामपंचायतींना आणि रस्त्यांच्या ठेकेदारांना एक विनंती: रस्ता रुंद करताना सर्वेक्षण खात्याचा उंचीची खूण कोरलेला दगड दिसला, तर तो उखडण्यापूर्वी तहसील कचेरीस वर्दी द्यावी.