रणगाड्याचा रंग



कामगार संघटनेचा माणूस व्यासपीठावर उभा राहिला म्हणजे पगारवाढ आणि बोनस ह्यांपलीकडे तो काय बोलणार, असे श्रोत्यांना वाटते. आज मी मुलांच्या रणगाड्याला रंग कसा द्यावा, हे सांगणार आहे. विषय पोरकट वाटेल. पण तो मला कोठे घेऊन गेला ते ऐकल्यावर आपण मला क्षमा कराल.

दिवाळीत आपल्या मलकापुरात घरोघर मातीचे विशाळगड, पन्हाळे उभे राहतात. पंचवीसएक वर्षांमागे माझ्या भाच्याने हट्ट धरला, "मामा, मावळ्यांच्या मदतीला रणगाडा पाहिजे." मी तेव्हा एका कारखान्यात रंगखात्यात होतो. डब्याच्या तळाला उरलेला हिरवा रंग मी घरी आणला. पोरगा रंगवू लागला आणि ब्रशाचे टोक बारीक व्हावे म्हणून ते जिभेवर लावू लागला. शेजारी बसलेल्या माझ्या एका जुन्या सोबत्याने त्याचा हात धरला. म्हणाला, "त्यात शिसे आहे, बाबा." दहा वर्षे मी तो रंग मारीत होतो, त्यात काय आहे हे मला कोणी सांगितले नव्हते आणि मीही विचारले नव्हते. त्या दिवसापासून मी रंगाचा अभ्यास करू लागलो.

कोणताही रंग तीन गोष्टींचा बनतो. पहिली रंगद्रव्य, म्हणजे बारीक दळलेली पूड. दुसरी ती पूड पृष्ठभागाला चिकटवून ठेवणारे बंधक. जवसाचे तेल, राळ किंवा अ‍ॅक्रिलिक. तिसरी पातळ करणारा द्रव, जो आपले काम झाले की उडून जातो. ही तिकडी ध्यानात ठेवली की पुढचे सारे सोपे होते.

प्रथम निवड. रणगाडा पहिल्यांदा युद्धात उतरला तो 15 सप्टेंबर 1916 रोजी, फ्रान्समध्ये सोमच्या रणांगणावर. त्या पहिल्या गाड्यांवर सॉलोमन सॉलोमन नावाच्या चित्रकाराने अनेक रंगांचे पट्टे योजले होते. परंतु चिखलाने चार दिवसांत सर्वांना एकच रंग दिला. म्हणून पुढे साधा, मातीशी मिळणारा रंग आला. आपल्याकडे राजस्थानच्या वाळूत चालणाऱ्या रणगाड्यांवर वाळूचा रंग आणि हिरवे पट्टे दिसतात. तेव्हा गाडी कोणती, कोणत्या भूमीवरची आणि कोणत्या सालची, हे आधी ठरवावे. पुणे हॉर्स ह्या पलटणीचे तारापोर 1965 साली आणि पुण्यात जन्मलेले अरुण खेत्रपाल 1971 साली सेंच्युरियन रणगाड्यात लढता लढता धारातीर्थी पडले. दोघांनाही परमवीरचक्र मिळाले. त्यांची गाडी करावयाची तर त्या काळची छायाचित्रे पाहावीत. अहिल्यानगरला, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगरला, 1994 साली स्थापन झालेले रणगाडा संग्रहालय आहे, तेथेही मुलांना जरूर न्यावे. मात्र उघड्यावर ठेवलेल्या गाडीला वरचेवर नवा हात द्यावा लागतो. तिचा आजचा रंग हा लढाईतलाच, असे धरून चालू नये.

आता मिश्रण. लष्करी हिरवा करण्यासाठी हिरवा रंगच लागतो असे नाही. पिवडीत काळा रंग थेंबाथेंबाने घालीत जा. शेवाळी, ऑलिव्ह छटा आपोआप येते. काळा जबर असतो, म्हणून पिवडीत काळा घालावा, काळ्यात पिवडी नव्हे. पस्तिसाव्या हिश्शाची प्रतिकृती एका हातावरून पाहणे म्हणजे खरी गाडी पस्तीस हातांवरून पाहणे होय, आणि दूरची वस्तू थोडी फिकी दिसते. म्हणून मिश्रणात किंचित पांढरा घालावा. चकाकी टाळावी. मिश्रण वाळल्यावर छटा बदलते. आधी पत्र्याच्या तुकड्यावर लावून, वाळवून पाहावे.

मग पातळ करणे. तेलाच्या रंगाला टर्पेंटाइन, अ‍ॅक्रिलिकला पाणी. अदलाबदल चालत नाही. ब्रशासाठी तीनचार भाग रंगास एक भाग पुरतो. फवाऱ्यासाठी रंग दुधाइतका असावा: वाटी कलती करून सरळ केली की कडेला पातळ साय राहून तो खाली उतरला पाहिजे. अति पातळ केला तर बंधक विरळ होते आणि वाळल्यावर बोटाला पूड लागते. लॅकरचा कडक थिनर प्लॅस्टिकला विरघळवतो, आणि तेलरंगावर पडला तर खालचा थर सुरकुततो. आपल्या पावसाळ्यात तर लॅकर दमट हवेने पांढुरका पडतो. तेव्हा हे काम उन्हाळ्यात उरकावे. रंगाआधी प्लॅस्टिक साबणाने धुवावे. एक जाड हात देण्यापेक्षा दोन पातळ हात बरे.

आता मूळ मुद्दा. जुना सफेदा म्हणजे शिसे, शेंदूर म्हणजे शिसे, आणि क्रोम पिवळ्यात निळा मिसळून होणाऱ्या हिरव्यातही शिसेच. लहान मुलाच्या पोटात गेलेले शिसे मोठ्या माणसाच्या चौपट-पाचपट प्रमाणात अंगात शोषले जाते आणि त्याच्या बुद्धीवर घाला घालते. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने 1921 सालीच शिशाच्या सफेद्यावर निर्बंध घालणारा करार केला. अठरा वर्षांखालील मुलांना त्या कामावर लावू नये, असे त्यात आहे. आपल्या 1948 च्या कारखाने कायद्यात शिशाची विषबाधा ही सरकारला कळवावयाच्या रोगांच्या यादीत होती. घरगुती रंगात दहा लाख भागांत 90 भागांहून अधिक शिसे नसावे, हा नियम आपल्याकडे 1 नोव्हेंबर 2017 पासून लागू झाला. पण तो घरगुती आणि सजावटीच्या रंगापुरता आहे. कारखान्यातल्या रंगाला तो लागू नाही. म्हणजे मी ज्या डब्यातून रंग आणला, तो डबा ह्या नियमाच्या बाहेरच राहिला.

म्हणून माझे सांगणे थोडे आहे. कारखान्यातला उरलेला रंग मुलासाठी घरी आणू नका. मुलांना पाण्यात कालवायचा रंग द्या. डब्यावर शिशाविषयी काय छापले आहे ते वाचा. ब्रश तोंडात घालू देऊ नका. थिनरची वाफ हवेहून जड असते, ती बंद खोलीत खाली साचते. दारे-खिडक्या उघड्या ठेवा. तोंडाला बांधलेला रुमाल धूळ अडवतो, वाफ नाही. थिनरने हात धुऊ नका. गोडे तेल चोळून साबण लावा. जवसाच्या तेलाच्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, त्या आपोआप पेटतात, पसरून वाळवा.

भाच्याचा रणगाडा मी पुढे पिवडी आणि काळ्याचा करून दिला. तो मुलगा आज ठणठणीत आहे. परंतु रंगखात्यात अजून कितीतरी मुलगे हातमोज्यांवाचून उभे आहेत. आपण मुलाच्या खेळण्याबद्दल जो प्रश्न दुकानदाराला विचारू, तोच प्रश्न त्या मुलग्यांनी मालकाला विचारावा: डब्यात काय आहे? एवढा प्रश्न विचारण्याची सवय आपल्या गावाला लागली, तर माझे व्याख्यान कारणी लागले असे मी समजेन.