समुद्राकडे पाठ करून

मालवणात उतरलेला पाहुणा एसटी स्टँडवरच विचारतो, किल्ल्याची होडी कुठून सुटते आणि तारकर्लीला स्कूबाचे किती घेतात. त्याचं काही चुकत नाही. 1664 मध्ये शिवाजी महाराजांनी कुरटे बेटावर सिंधुदुर्ग बांधायला घेतला आणि 2025 मध्ये तो मराठ्यांच्या इतर किल्ल्यांसोबत युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला. हे सगळ्यांना पाठ आहे, तेव्हा तिथे गर्दी होणारच. पण एखादा दिवस समुद्राकडे पाठ करून गाडी आत घातली, तर पाऊण तासाच्या परिघात चालण्याजोग्या इतक्या वाटा सापडतात की नवल वाटतं. त्यांना दोर लागत नाही की भारीतले बूट लागत नाहीत. ‘ट्रेक’ म्हटलं की ज्या आत्या-मावश्या गुडघ्याला हात लावतात, त्यांनाही यातल्या बऱ्याच जमतात.

याचं कारण साधं आहे. या वाटा हौसेसाठी झाल्याच नाहीत. दोन गडग्यांमधून गेलेल्या पाणंदी, चिऱ्याच्या पायऱ्यांनी सड्यावर, म्हणजे वरच्या कातळमाळावर, चढणाऱ्या घाट्या, व्हाळावरचे साकव ही सगळी रोजच्या वापराची सोय होती. डोक्यावर माशांची टोपली घेऊन बायका याच घाट्यांनी वाडीवाडीत जायच्या आणि पोरं शाळेत जायची. आता स्कूटर आली, डांबरी रस्ता दारात आला, आणि घाट्यांवर रान माजलं. गावात कुणाला वाट विचारली तर हमखास उलटा प्रश्न येतो, “गाडी आसा मां? मग चलत कित्याक जातास?”

सुरुवात शहरातूनच करावी. दांडी किनाऱ्यावर मोरयाचा धोंडा आहे. खडकावर गणपती, चंद्र, सूर्य कोरलेले आहेत आणि किल्ल्याचं भूमिपूजन इथे झालं असं सांगतात. पूर्ण ओहोटी असेल तर इथून जवळच्या पद्मगडापर्यंत वाळूतून चालत जाता येतं. मात्र भरतीची वेळ किनाऱ्यावरच्या एखाद्या रापणकाराला विचारूनच पाऊल टाकावं, मोबाइलच्या भरवशावर नको. तिथून जेटी, मग बाजारपेठेतून राजकोट, पुढे रॉक गार्डनचे काळे खडक आणि शेवटी चिवल्याची पुळण. चढ म्हणावा असा नाहीच. लहान मूल आणि आजोबा दोघांना बरोबर घेऊन संध्याकाळी रमतगमत होईल एवढी ही वाट. चिवल्याला रापण ओढत असतील तर मात्र घड्याळ विसरावं लागतं.

पण मला भुरळ पाडली ती धामापूरने.

मालवणहून कुडाळकडे जाताना हे गाव लागतं. दोन डोंगरांच्या बेचक्यात मातीचा बांध घालून 1530 मध्ये इथला तलाव अडवला. विजयनगरच्या काळातले मांडलिक नागेश देसाई यांनी तो बांधला असं सांगितलं जातं. पाचशे वर्षं होत आली, तरी पाणी आहे, शेती भिजते आणि मालवण शहराच्या नळालाही तेच पाणी येतं. सिंचन आणि जलनिस्सारणाच्या आंतरराष्ट्रीय आयोगाने 2020 मध्ये याला जागतिक वारसा सिंचन स्थळाचा मान दिला. काठावर भगवतीचं कौलारू देऊळ, त्याच्या पायऱ्या थेट पाण्यात उतरलेल्या. देवळापासून पाण्याच्या कडेकडेने झाडीत शिरायचं. वाट अरुंद आहे, पण पायाखाली सपाट. पोफळी, मग जांभूळ, मग कशाचं काय कळू नये असं दाट रान. नशीब असेल तर डोक्यावरून धनेश जातो. त्याच्या पंखांचा आवाज आधी येतो आणि पक्षी मागून दिसतो.

या तलावाची एक गोष्ट आहे. सिंधुदुर्ग जिल्ह्यात ती बहुतेकांना माहीत असते, पण काठावर बसून ऐकण्यात मजा वेगळी. घरात लग्न निघालं आणि मुलीच्या अंगावर घालायला दागिने नसले, तर आईबापांनी परडीत फुलं भरायची, मनातले दागिने फुलांत मांडायचे आणि परडी तलावात सोडायची. परडी बुडायची. थोड्या वेळाने ती वर यायची तेव्हा आत सोन्याचे दागिने असायचे. अट एकच. लग्न झालं की सगळं परत आणून पाण्यात सोडायचं. कुणीतरी एकाने ते ठेवून घेतले, आणि तेव्हापासून परडी बुडते ती वर येत नाही.

गोष्ट एवढीच. पण देवळापाशी बसलेल्या एका आजोबांना मी विचारलं, तो ठेवून घेणारा कोण होता? त्यांनी खाकरून दूरच्या एका गावाचं नाव घेतलं. दुसऱ्यांना विचारलं, तर त्यांनी तिसऱ्याच गावावर ढकललं. आपल्या गावातला तो नव्हे, यावर मात्र सगळ्यांचं एकमत. मला या कथेतल्या सोन्यापेक्षा तिच्यातला व्यवहार आवडतो. फुलांत दागिने मांडायचे म्हणजे नथ, पाटल्या, ठुशी यांची यादीच द्यायची. हावरेपणा करायला वाव असूनही पिढ्यान्‌पिढ्या लोकांनी गरजेपुरतंच मागितलं असं कथा गृहीत धरते. गावाने तलाव कसा वापरावा, हे याहून सोप्या शब्दांत कुठल्या पाटबंधारे खात्याने सांगितलंय? काठावर आता वेफर्सची पाकिटं आणि पाण्याच्या बाटल्या पडलेल्या असतात. त्या वर यायला कुणाला फुलं सोडावी लागत नाहीत.

धामापूरहून पुन्हा मालवण ओलांडून उत्तरेला मसुऱ्याच्या बाजूला गेलं की मुलूख बदलतो. झाडी खाली राहते आणि सडा सुरू होतो. कुडोपीचा सडा इथलाच, बुधवळे-कुडोपी गावाचा. गावातून वर चढायला थोडा दम लागतो, पण वर पोचलं की सगळं सपाट. गावकरी या जागेला ‘बाहुल्यांचं टेंब’ म्हणत आले आहेत, कारण कातळात बाहुल्या कोरलेल्या आहेत. माणसं, मासे, चौकोन, वेटोळी, आणि मधोमध एक मोठी आकृती, जिला अभ्यासक मातृदेवता मानतात. सतीश लळीत यांनी ही कातळशिल्पं अभ्यासकांपुढे आणली. कोकणातल्या अशा कातळशिल्पांची जी ठिकाणं भारताने 2022 मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत घातली, त्यांत सिंधुदुर्गातलं कुडोपी आहे. किती जुनी, यावर तज्ज्ञांची मतं जुळत नाहीत; काही हजार वर्षं मागे जावं लागतं एवढं खरं.

इथे दुपारी बारा वाजता आलात तर काही दिसणार नाही. ऊन डोक्यावर असलं की कातळ नुसता काळा-तांबूस पसरलेला. सकाळी लवकर किंवा कलत्या उन्हात या. तिरपा प्रकाश पडला की बोटभर खोल रेषेच्या एका काठाला सावली धरते, आणि आधी ज्यावरून आपण चालत गेलो तिथेच एक पाय उमटतो, मग कंबर, मग खांदे. बरोबर आलेल्या गावातल्या काकांनी हाताने दाखवलं नसतं तर माझी चप्पल कुठल्या आकृतीवर पडली असती कोण जाणे. “कोणी केल्यान तां म्हायत नाय,” ते म्हणाले, “पण येळ होतो तेच्याकडे.”

भाद्रपदात हाच सडा फुलांनी भरतो. सीतेची आसवं, पांढरे गेंद, कीटक खाणारा दवबिंदू. फुलं पाहायला गुडघे टेकावे लागतात, तेव्हा आधी जागा नीट बघून घ्या. या पट्ट्यात फुरसं आहे. ते दगडाखाली असतं आणि रंगाने दगडासारखंच दिसतं. पायात बूट आणि हातात काठी एवढी काळजी पुरे.

सड्याला खरा धोका पर्यटकांचा नाही, चिरेखाणींचा आहे. या भागातून फिरताना जागोजाग चौकोनी कापलेले खड्डे दिसतात, हिरव्या पाण्याने भरलेले. चिरा आम्हालाही घराला लागतोच, तेव्हा खाण नकोच असं म्हणायला तोंड नाही. पण कोणता कातळ कापायचा आणि कोणता राखायचा हे खाण सुरू होण्याआधी कुणी पाहतं का, हा प्रश्न उरतो. कुडोपीला निदान नाव आहे. बाकीच्या सड्यांवर काय कोरलेलं होतं ते ट्रकांत भरून गेलं असेल.

शेवटची वाट भरतगडाची, मसुरे गावातून. आंगणेवाडीची भराडीदेवीची जत्रा ज्या मसुऱ्यात भरते, तेच हे. जत्रेला लाखो माणसं येतात, खाजं घेतात आणि परततात. शेजारच्या टेकडीवर किल्ला आहे हे त्यांतल्या किती जणांना ठाऊक असतं, देव जाणे. चढ वीसेक मिनिटांचा, झाडीतून. शिवाजी महाराज 1670 मध्ये या टेकडीवर आले, पण पाणी नाही म्हणून किल्ला बांधला नाही, असं गॅझेटियरमध्ये नोंदवलं आहे. पुढे खाडीच्या पलीकडच्या डोंगरावर बावड्याच्या पंत अमात्यांनी भगवंतगड उभारायला घेतला, तेव्हा वाडीकर सावंतांना गप्प बसवेना. त्यांनी इथे कातळ फोडून विहीर खणली. पाणी लागलं ते 228 फुटांवर. विहीर अजून आहे. वाकून पाहायचा मोह आवरा. मुलांचा हात धरा.

दोन शेजाऱ्यांच्या ईर्ष्येतून झालेले हे किल्ले आज समोरासमोर निवांत बसले आहेत, मध्ये कालावलची खाडी. भगवंतगडही चढायला सोपा, वर सिद्धेश्वराचं देऊळ आणि झाडीत हरवलेली तटबंदी. एका सकाळी दोन्ही होतात. ज्यांना छाती भरून आल्याशिवाय चाललोसं वाटतच नाही, त्यांनी कुडाळ तालुक्यातल्या नारूरवरून रांगणा किल्ला गाठावा. तो या लेखाचा विषय नाही.

भरतगडाच्या तटाच्या आत हापूसची बाग आहे, खाजगी मालकीची. हा किल्ला रानात बुजला नाही, फिरताना बुरूज आणि खंदक स्वच्छ दिसतात, याचं श्रेय बरंचसं या बागेलाच. सरकारी संरक्षणाखालचे काही किल्ले याहून वाईट अवस्थेत पाहिलेत. फाल्गुन-चैत्रात गेलात तर झाडं फळांनी लगडलेली असतात, आणि राखण्या तुमच्याकडे पाहून आधीच सांगून ठेवतो, “किल्लो बघा, फोटो काढा, बसा थोडा येळ. पण कलमार दगड मारू नकात.”