साथीच्या काळातील धर्मग्राम

२० मार्च २०२० रोजी मध्य प्रदेशातील कोरोनाचे पहिले चार रुग्ण जबलपूर शहरात आढळले. चौघेही परदेशांतून परतलेले होते. पाच दिवसांनी सबंध देशात टाळेबंदी सुरू झाली आणि सर्व धर्मांच्या प्रार्थनास्थळांची दारे बंद झाली. ख्रिस्ती समाजाचे ते उपवासाचे दिवस होते. १० एप्रिलचा शुभ शुक्रवार आणि १२ एप्रिलचा ईस्टर हे वर्षातील सर्वांत मोठे दिवस त्या वर्षी रिकाम्या चर्चमध्ये पार पडले. वेदीपाशी धर्मगुरू उभा होता, समोरचे बाक मोकळे होते आणि श्रद्धाळू मंडळी घरी बसून प्रार्थना करीत होती. जी संस्था माणसांनी एकत्र येण्यावर उभी आहे, तिला एकत्र येणेच वर्ज्य झाले, तर तिच्यापाशी काय उरते, असा प्रश्न त्या दिवसांनी समोर ठेवला.

या प्रश्नाचे उत्तर शोधताना धर्मग्राम म्हणजे काय, हे प्रथम समजून घेतले पाहिजे. कॅथलिक समाजाची सर्वांत लहान प्रशासकीय वस्ती म्हणजे धर्मग्राम. अनेक धर्मग्राम मिळून धर्मप्रांत होतो व त्यावर बिशपची नेमणूक होते. धर्मग्रामाला बहुधा भौगोलिक सीमा असते. अमुक रस्त्यापासून तमुक नाल्यापर्यंत राहणारी कॅथलिक कुटुंबे एका चर्चशी जोडलेली असतात. त्या सीमेतील बालकाचा स्नानसंस्कार, तरुणांचे विवाह, आजाऱ्याचे अभ्यंग आणि मृताचे दफन ही सारी जबाबदारी तेथील धर्मगुरूची. एखादे कुटुंब चर्चला नियमाने येवो अथवा न येवो, ते त्याच्या जबाबदारीतून सुटत नाही.

जबलपूरचा कॅथलिक समाज या व्यवस्थेचा बोलका नमुना आहे. १८७० साली मुंबई आणि कलकत्ता यांना जोडणारा लोहमार्ग जबलपुराहून पुरा झाला. १९०४ मध्ये तेथे तोफगाड्यांचा कारखाना निघाला. रेल्वे, छावणी आणि कारखाने यांच्या मागोमाग निरनिराळ्या प्रांतांतील व निरनिराळ्या भाषा बोलणारी कुटुंबे तेथे स्थिरावली. भोवतीच्या मंडला भागातील आदिवासी ख्रिस्ती त्यांत मिळाले. मराठी माणसाला हे शहर परके नाही. १९५६ सालच्या राज्यपुनर्रचनेपर्यंत नागपूर हीच या प्रदेशाची राजधानी होती. १९२३ साली हॉलंडमधील नॉर्बर्टाइन संघाचे धर्मगुरू या भागात आले, १९३२ मध्ये जबलपूरला स्वतंत्र धर्मविभागाचे रूप मिळाले आणि १९५४ मध्ये तो पूर्ण धर्मप्रांत झाला. ज्यांची भाषा एक नाही, गाव एक नाही आणि जातगोतही एक नाही, अशा कुटुंबांना परमुलखात शेजार देण्याचे काम तेथे धर्मग्रामाने केले.

हा शेजार एका वहीत लिहिलेला असतो. सोळाव्या शतकात ट्रेंट येथे भरलेल्या धर्मपरिषदेने विवाह व स्नानसंस्कार यांच्या नोंदी ठेवण्याचा दंडक घातला. १६१४ सालच्या रोमन विधिग्रंथाने त्यांत मृत्यूच्या नोंदीची आणि घरोघरच्या माणसांच्या नोंदीची भर घातली. धर्मग्रामात घरे किती, प्रत्येक घरात माणसे किती, त्यांची वये काय, हे या शेवटच्या वहीवरून कळते. एरवी ही नोंद रुक्ष वाटते. साथीत मात्र एकटी राहणारी वृद्धा कोणत्या गल्लीत आहे, रोजच्या मजुरीवर जगणारे घर कोणते आणि कोणाचा मुलगा दूरदेशी आहे, हे सांगणारी अशी वही हाताशी असणे फार मोलाचे ठरते.

साथीच्या काळात बंद दारे आणि श्रद्धाळूंची ओढ यांचा मेळ कसा घालावा, ही अडचण जुनी आहे. १५७६ साली इटलीतील मिलान शहरात प्लेग शिरला. लोकांना घरांतच कोंडून राहावे लागले. तेथील आर्चबिशप चार्ल्स बोरोमिओ यांनी चौकाचौकांत वेदी मांडून मिस्सा सुरू केली, म्हणजे कोंडलेल्या माणसांना खिडकीतून तिच्यात सहभागी होता यावे. आपल्या वाड्यातील पडदे व भरजरी कापड उतरवून त्यांनी त्यांचे गरिबांसाठी कपडे शिवविले. त्याच बोरोमिओंनी अनवाणी मिरवणुकाही काढल्या व त्या नगराच्या अधिकाऱ्यांना रुचल्या नाहीत. श्रद्धा आणि आरोग्य यांची ही ओढाताण तेव्हापासून प्रत्येक साथीत दिसत आली आहे.

मुंबईला ती १८९६ मध्ये अनुभवास आली. त्या वर्षीच्या सप्टेंबरात मांडवी भागातील ताप हा गाठीचा प्लेग आहे, असे निदान डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी केले. हे गोव्यातील हडफडे गावचे कॅथलिक गृहस्थ पुढे १९०६ मध्ये मुंबई महापालिकेचे अध्यक्ष झाले. निदान जाहीर होताच भय पसरले आणि काही महिन्यांत जवळजवळ निम्मे शहर रिकामे झाले. १८९१ मध्ये ८,२१,७६४ असलेली मुंबईची लोकसंख्या १९०१ च्या गणनेत ७,७६,००६ भरली. १८९७ च्या साथरोग कायद्याने सरकारी पथकांना घरांत शिरण्याचा अधिकार मिळाला. रुग्णाला उचलून नेणे, सामान जाळणे, कुटुंबाला छावणीत ठेवणे, या कठोर उपायांनी लोक रोगाइतकेच पथकांना भिऊ लागले. अशा वेळी डॉटर्स ऑफ द क्रॉस संघाच्या धर्मभगिनींनी प्लेगच्या रुग्णालयांत शुश्रूषा पत्करली. शहराच्या हद्दीबाहेर असलेल्या वांद्र्याच्या रणवार, चिंबई, पाली अशा गावठाणांतील कॅथलिक रहिवाशांनी नाक्यानाक्यावर क्रूस उभारले. संध्याकाळी आपापल्या वस्तीतील क्रूसापाशी उघड्यावर उभे राहून ते जपमाळ म्हणत. कित्येक क्रूसांवर उभारणीची वर्षे कोरलेली आजही दिसतात. वाटसरूला ती केवळ धार्मिक खूण वाटते. प्लेगच्या दिवसांत मोठ्या चर्चचे लहान लहान वस्त्यांत झालेले विभाजन तिच्यात साठलेले आहे.

कोरोनाच्या काळात हेच विभाजन नव्या साधनांनी घडले. मिस्सा दूरध्वनीच्या पडद्यावर आली. मिस्सेपेक्षा महत्त्वाचे काम मात्र घरोघरी होते. त्याची रीत १८३३ साली पॅरिसमध्ये घालून दिलेली होती. आदल्या वर्षीच्या पटकीने होरपळलेल्या त्या शहरात फ्रेडरिक ओझानाम या वीस वर्षांच्या विद्यार्थ्याने मित्रांसह संत व्हिन्सेंट द पॉल संस्था काढली. संस्थेच्या सभासदाने गरजू कुटुंबाच्या घरी स्वतः जावे, मदत हाती द्यावी आणि विचारपूस करावी, असा तिचा शिरस्ता. आज भारतातील असंख्य धर्मग्रामांत तिच्या शाखा आहेत. शिवाय प्रत्येक धर्मप्रांताची समाजसेवा संस्था आणि १९६२ साली स्थापन झालेली कारितास इंडिया यांची जोड असते. टाळेबंदीत धान्याची पिशवी, औषध, मुखपट्टी आणि विचारपुशीचा दूरध्वनी हे सारे या साखळीतून पोहोचले. ही साखळी साथीसाठी उभारावी लागली नाही. ती आधीच होती, म्हणून वेळेवर उपयोगी पडली.

सर्वांत कठीण कसोटी मृतांच्या बाबतीत लागली. कॅथलिक परंपरेत दफनाला मोठे स्थान आहे, आणि नेमके दफनच भीतीचा विषय झाले. केंद्र सरकारच्या मार्च २०२० मधील सूचनांत दहन व दफन दोहोंना मुभा होती. तरीही मुंबईत वांद्रे येथील दफनभूमीस विरोध करणारा अर्ज उच्च न्यायालयापर्यंत गेला. दफनामुळे रोग पसरतो याला शास्त्रीय आधार नाही, असे सांगून २२ मे रोजी न्यायालयाने तो विरोध अमान्य केला. केरळातील अलप्पुळा येथे जमिनीत थोडे खणताच पाणी लागते; खोल खड्डा शक्य नाही. तेथील धर्मप्रांताने जुलैमध्ये मृतदेहाचे दहन करून अस्थी धर्मग्रामाच्या भूमीत पुरण्यास परवानगी दिली. रोमच्या धर्मपीठाने १९६३ सालीच दहनावरील बंदी उठविली होती. परंतु कागदावरची मुभा आणि शोकाकुल घराची मान्यता यांत मोठे अंतर असते. ते अंतर तुटावयास ओळखीचा धर्मगुरू आणि ओळखीची दफनभूमी लागली.

या सेवेचे मोलही चुकवावे लागले. २०२१ च्या दुसऱ्या लाटेत देशभर अनेक धर्मगुरू व भगिनी दगावल्या. मध्य प्रदेशातील झाबुआचे बिशप बसील भूरिया यांचे त्याच वर्षीच्या मे महिन्यात कोरोनाच्या संसर्गानंतर निधन झाले.

तथापि या व्यवस्थेची मर्यादाही सांगितली पाहिजे. वही आपल्या माणसांना ओळखते. वहीत ज्याचे नाव नाही, त्याचे काय? २०२० च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रातून उत्तरेकडे पायी निघालेल्या मजुरांचे जथे नागपूर-जबलपूर मार्गाने जात होते. त्यांची नावे वाटेवरच्या कोणत्याही वहीत नव्हती. ८ मे रोजी जालन्याहून निघालेले सोळा मजूर करमाडजवळ रुळांवर झोपले असता मालगाडीखाली चिरडले गेले. ते शहडोल व उमरिया जिल्ह्यांतील होते. त्यांचे मृतदेह रेल्वेनेच जबलपूरमार्गे गावी नेण्यात आले. जिवंतपणी जो प्रवास त्यांना मिळाला नाही, तो मरणानंतर मिळाला. अशा माणसांपर्यंत गुरुद्वारा, मशीद, मंदिर, चर्च आणि साधे गावकरी यांच्यापैकी जे पोहोचले, ते आपल्या सीमेबाहेर पाऊल टाकूनच पोहोचले.

धर्मग्रामाच्या मूळ कल्पनेत या पावलाला जागा आहे. धर्मगुरूची जबाबदारी त्या भूभागात राहणाऱ्या सर्वांकडे वळते, मग ते कोणत्याही धर्माचे असोत. मात्र अपरिचिताच्या दारी जाण्याची सवय संकटाच्या दिवशी एकाएकी अंगी येत नाही. ती सुखाच्या दिवसांत लावून घ्यावी लागते. जून २०२० पासून देशातील प्रार्थनास्थळे टप्प्याटप्प्याने उघडू लागली, बाक पुन्हा भरले. टाळेबंदीत वहीच्या समासात नव्याने टिपलेली दारे त्यानंतरही ठोठावली जात राहावीत, एवढीच पुढच्या साथीची खरी पूर्वतयारी आहे.