बँडलाही हवा आपला गण

तमाशाचा फड उभा राहिला की आधी गण, मग गवळण. गणाने ढोलकी तापते, गळा मोकळा होतो आणि मागे गप्पा मारणारी मंडळीही पुढे बघू लागतात. इंग्लंडातल्या खेड्यापाड्यांतील ब्रास बँडचेही असेच असते. कार्यक्रमाची पहिली धून तीन ते पाच मिनिटांची, जलद आणि दणदणीत. पुष्कळ बँड ही धून संगीतकाराला सुपारी देऊन खास आपल्यासाठी नवी लिहवून घेतात. आपल्याकडच्या बँडवाल्यांनी आणि यात्रा कमिट्यांनी ही रीत समजून घेण्याजोगी आहे.

हे बँड मुळात कष्टकऱ्यांचे. कोळशाच्या खाणीत, कापडगिरणीत दिवसभर राबायचे आणि संध्याकाळी तालमीला जमायचे. यॉर्कशायरमधील क्वीन्सबरी गावच्या बँडने १८५५ साली ब्लॅक डाईक गिरणीचे नाव घेतले, ते आजही चालू आहे. आपले बँड सिनेमाची गाणी वाजवतात, तसे त्या काळी हे लोक ऑपेरातील गाजलेली गाणी वाजवत. स्पर्धेतही तेच चाले.

१९१३ साली हे बदलले. लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधील राष्ट्रीय स्पर्धेसाठी पर्सी फ्लेचर यांनी खास बँडकरिता रचना केली. नाव 'लेबर अँड लव्ह', म्हणजे श्रम आणि प्रेम. पुढे १९२८ साली होल्स्ट आणि १९३० साली एल्गार अशा बड्या संगीतकारांनी याच स्पर्धेसाठी लिहिले. कामगारांच्या फुंकणीला मान मिळाला.

मग बँडही स्वतःसाठी धून करवून घेऊ लागले. केटरिंगचा जीयूएस बँड १९३३ साली बुटांच्या कारखान्यात निघालेला. पन्नाशीनिमित्त १९८३ साली त्यांनी फिलिप स्पार्क यांच्याकडून 'ज्युबिली ओव्हर्चर' लिहवून घेतली. ती आता इतर देशांतले बँडही वाजवतात.

धून कशी बेततात?

अशा बँडमध्ये फुंकणारे साधारण पंचवीस, शिवाय ताशा-ढोलासारखी वाद्ये वाजवणारे वेगळे. लिहिणारा आधी बँडची ताकद बघतो. वरच्या सुराला खात्रीचा कॉर्नेटवाला आहे का? बेस दमदार आहे का? पितळी वाद्य थंड असताना सूर खाली उतरतो, फुंकून गरम झाले की वर चढतो. म्हणून सुरुवातीलाच एकट्याला नाजूक, उंच सूर देणे धोक्याचे. आधी सगळ्यांनी मिळून उठवायचे, मग कॉर्नेट, ट्रॉम्बोन, बेस यांना पाळीपाळीने पुढे आणायचे. एवढ्यात वाद्य तापते, वाजवणाऱ्याची धडधडही थांबते.

आणखी एक सोय बघा. जवळजवळ सगळ्या वाद्यांचे संगीत एकाच पद्धतीने लिहितात आणि बोटे ठेवायची रीतही तीच. एक गडी आजारी पडला, तर दुसरा त्याचे वाद्य उचलू शकतो. गावच्या बँडला हे फार उपयोगाचे.

खाण गेली, बँड राहिला

ग्रिमथॉर्प हे यॉर्कशायरमधील खाणीचे गाव. तिथला बँड १९१७ सालचा. ऑक्टोबर १९९२ मध्ये सरकारने ३१ खाणी बंद करण्याची घोषणा केली. त्याच आठवड्यात ग्रिमथॉर्पचा बँड लंडनमध्ये राष्ट्रीय विजेता ठरला. १९९३ साली गावची खाण बंद झाली. रोजगार गेला, गाव खचले. बँड मात्र अजूनही वाजतो आणि गावाचे नाव दूरवर नेतो.

आपल्याकडे ब्रास बँड आला तो इंग्रजांच्या पलटणींबरोबर. पुढे लग्नाच्या वरातीने त्याला आपला केला. आता डीजेपुढे गावोगावचे बँड मोडताहेत. कुणाचे वाद्य माळ्यावर धूळ खात पडले आहे, तर बँडमास्तर मजुरीला जातो. सिनेमाचे गाणे डीजेवरही वाजते, मग बँडला कोण बोलावणार? पण गावाची स्वतःची धून असली, तर ती गावच्या बँडकडूनच ऐकावी लागेल.

यात्रा कमिटीने वर्गणीतून थोडी रक्कम बाजूला काढावी. आपल्याच भागातल्या जाणत्या बँडमास्तराला सांगावे : ग्रामदैवताची पालखी उठताना वाजेल अशी तीन मिनिटांची नवी धून बसवा. पोरांना तालमीला महिनाभर द्या. दरवर्षी पालखी त्याच धुनेवर उठली, की ती गावाचा गण होईल. आणि गण म्हणायला फड तर हवाच ना!