बर्फाच्या पोटांतील थर

माण तालुका म्हणजे सातारा जिल्ह्याचा कोरडा, पावसासाठीं आभाळाकडे डोळे लावून बसणारा भाग. तेथील मस्करवाडीचे जवान सुनील सूर्यवंशी ३ फेब्रुवारी २०१६ रोजीं सियाचीनवरील १९,६०० फूट उंचीच्या सोनम ठाण्यावर हिमाखालीं गाडले गेले. दहा जवानांपैकीं एकटे हनुमंतप्पा कोप्पड सहा दिवसांनीं जिवंत सांपडले. ११ फेब्रुवारीस त्यांनींहि प्राण सोडला.

हिमाचा ढीग फार झाला म्हणजे तो आपल्याच भारानें कोसळतो, अशी पुष्कळांची समजूत असते. ती अर्धीच खरी. हिम थराथरांनीं सांचतें. तळाशीं जमिनीची ऊब आणि वर कडक थंडी असली, म्हणजे आंतील वाफ वर सरकते व मधले कण साखरेसारखे सुटे होतात. तूप कमी पडलेला रवा जसा लाडवाला धरत नाहीं, तसे हे कण परस्परांस धरीत नाहींत. त्यांवर वाऱ्यानें आणलेल्या हिमाचा घट्ट पापुद्रा बसला आणि उतार ३० ते ४५ अंशांचा असला, कीं एका माणसाचें पाऊलहि पुरतें.

म्हणून जाणते गिर्यारोहक आधीं खड्डा खणतात. त्याच्या भिंतींत फूटभर रुंदीचा खांब कापून त्यावर फावडें ठेवतात व प्रथम मनगटानें, मग कोपरापासून, शेवटीं खांद्यापासून दहा-दहा ठोके देतात. थोड्या ठोक्यांत थर सटकला तर परत फिरावें. पायाखालीं ‘धप्’ असा आवाज झाला किंवा चीर धांवली, तर खड्ड्याचीहि गरज नाहीं. मात्र खड्डा त्या जागेपुरतेंच सांगतो. सोनमवर तर बर्फाची भिंतच ढांसळली, तेथें तो काय सांगणार?

साताऱ्याच्या प्रियांका मोहिते यांनीं २०१३ सालीं एव्हरेस्ट व २०२१ सालीं हिमप्रपातांसाठीं कुप्रसिद्ध असें अन्नपूर्णा शिखर गांठलें. आपल्याहि घरांतील मुलें-मुली सुटींत हिमालयांत जाऊं म्हणतात. त्यांना अडवूं नये; पण लोकरीच्या बंडीची चौकशी करतांना आणखी दोन प्रश्न विचारावे. परत फिरण्याचा शब्द कोणाचा? आणि हिमांतून जावयाचें असल्यास प्रत्येकाजवळ संदेशयंत्र, शोधकाठी व फावडें आहे ना? गाडलेला मनुष्य पहिल्या दहा मिनिटांत निघाला तर बहुधा वांचतो. अर्ध्या तासानें आशा फार थोडी उरते. तेवढ्या वेळांत खालच्या गांवाहून मदत येत नाहीं. जें खणावयाचें तें बरोबरच्यांनींच.